सतरंजीवरून दिसलेले जग

दिवाळी अंकाचे दिवस जवळ आले, की आमच्या संपादकांचा निरोप येतो. पूर्वी त्यांचे पोस्टकार्ड येत असे, आता फोनच्या पडद्यावर दोन ओळी उमटतात. पण त्यांतला धाक तोच आहे. यंदाच्या दोन ओळी अशा होत्या : ‘आपण आयुष्यभर देशोदेशींचे चित्रपट पाहिलेत. त्यांतल्या उत्तम दहांची यादी द्यावी, म्हणजे वाचकांना उपयोग होईल.’

माझ्या लेखनाचा कुणाला उपयोग झाल्याचे आजवर ऐकिवात नाही. त्यामुळे या अपेक्षेने मी जरा हुरळलो. कागद पुढे ओढला, एक ते दहा आकडे घातले आणि तिथेच अडलो. यादी करण्याची हौस आमच्या नातीला. तिच्याजवळ पाहायच्या सिनेमांची भली मोठी यादी तयार आहे. रात्री जेवणे आटोपली, की ती टीव्हीसमोर ठाण मांडते. इराण, कोरिया, फ्रान्स असा साऱ्या जगाचा नकाशा बोटाने पुढे सरकवते. पाऊण तास सरकवते. आणि मग ‘आता उशीर झाला, उद्या बघू’ म्हणून झोपायला जाते. आमच्या वेळी सिनेमा मिळायला सहा महिने लागत आणि पाहायला दोन तास. आता मिळायला क्षणही लागत नाही, पाहायची सवड मात्र होत नाही.

तेव्हा दहांचा नाद मी सोडला. दोनच सिनेमांविषयी लिहितो. त्यांपैकी एक मी न पाहताच पाहिला होता, आणि दुसरा पाहूनही पाहिला नव्हता. संपादकांनी उरलेले आठ पुढच्या दिवाळीच्या खाती मांडावेत.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईला आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात इटलीच्या व्हित्तोरिओ द सिका यांचा १९४८ चा ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला गेला. त्या चित्रपटाने आपले कितीतरी दिग्दर्शक भारावले, आणि १९५३ साली आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’वर त्याची छाया पडली, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्या धाकट्या काकांनीही तो त्याच महोत्सवात पाहिला, हा इतिहास मात्र आमच्या वाड्याबाहेर कुणाला ठाऊक नाही.

काका मुंबईला कारकून होते. मे महिन्यात ते आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, पंधरा दिवस राहायला येत. त्या वर्षी आले ते हा सिनेमा डोक्यात घेऊनच. माझे वय तेव्हा सात. रात्री ओसरीवर सतरंजी पसरलेली, खुंटीला कंदील, अप्पा सुपारी कातरीत बसलेले, आई सुपात तांदूळ निवडते आहे, शेजारपाजारची दहा-बारा माणसे जमलेली. आणि मधोमध काका. त्यांनी जी गोष्ट सांगितली तिच्यातल्या नायकाचे नाव होते अंतोबा. मूळचा अंतोनिओ. पण ओसरीवर त्याला ते नाव पेलले नसते.

लढाई नुकतीच संपलेली. शहरात कामधंदा नाही. अंतोबाला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते. पण अट अशी, की सायकल स्वतःची हवी. सायकल तर गहाण पडलेली. तेव्हा त्याची बायको घरातल्या चादरी काढते, त्या गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी, अंतोबा शिडीवर चढून जाहिरात चिकटवीत असताना, चोर सायकल घेऊन पसार होतो. मग रविवारभर बाप आणि त्याचा लहानगा मुलगा शहर पालथे घालतात. बाजार पाहतात, एका ज्योतिषीणबाईकडे जातात, आणि जवळचे पैसे संपत आले तरी बाप मुलाला हॉटेलात नेऊन काहीतरी चांगलेचुंगले खाऊ घालतो. काकांनी तिथे कांदाभजी घातली होती. शेवटी सायकल सापडत नाही ती नाहीच. भोवती मात्र सायकलीच सायकली. बापाची बुद्धी फिरते. तो दुसऱ्याची एक सायकल घेऊन पळतो आणि पकडला जातो. लोक मारतात, टोपी उडते. मुलगा हे सारे पाहतो. सायकलचा मालक पोराकडे बघून बापाला सोडून देतो. दोघे गर्दीतून चालू लागतात, आणि पोरगा हळूच बापाचा हात धरतो.

काका थांबले. ओसरीवर कुणी बोलेना. मग आईने विचारले, “चादरी गहाण टाकल्या म्हणता, मग त्या रात्री पोरानं पांघरलं काय?”

काकांजवळ जगातल्या सर्व प्रश्नांची उत्तरे असत. याचे नव्हते.

अप्पा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. पुष्कळ वेळाने ते एवढेच म्हणाले, “पोराच्या देखत व्हायला नको होतं.”

पुढे सतरा वर्षांनी, १९६९ साली, मी तो सिनेमा प्रत्यक्ष पाहिला. अंतोबा इटालियन भाषेत बोलतो हे ऐकून मला क्षणभर फसवल्यासारखे वाटले. कांदाभजी नव्हती, पाव आणि चीज होते. पण शेवटचा तो हात होता, आणि अगदी ओसरीवर पाहिला होता तसाच होता. काकांनी त्यात काडीचाही फरक केला नव्हता.

हा झाला न पाहता पाहिलेला सिनेमा. आता दुसऱ्याची गोष्ट. ती सांगताना मला तेवढी मौज वाटत नाही.

मी मुंबईला एका कचेरीत चिकटलो, लग्न झाले, दादरला दोन खोल्या मिळाल्या आणि मी फिल्म सोसायटीचा सभासद झालो. आपल्याकडे ही चळवळ आधीपासून होती. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ सालीच कलकत्त्याला अशी संस्था काढली होती. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ साली सुरू झाले. इतरही लहानमोठ्या संस्था होत्या. परदेशी वकिलातींकडून पत्र्याच्या डब्यांतून रिळे येत. एखाद्या उसन्या घेतलेल्या सभागृहात पडदा टांगला जाई. यंत्र मध्येच बंद पडे, रिळांचा क्रम चुकून नायक आधी मरे आणि मग प्रेमात पडे. तरी आम्ही गंभीरपणे पाहत असू. सभासदांसाठीच्या या खेळांना सेन्सॉरची कात्री लागत नसे. त्यामुळे काही मंडळी कलेपेक्षा कात्री न लागण्याच्या ओढीनेच येत. एखाद्या स्वीडिश चित्रपटात दोन तास म्हातारा प्रोफेसर आपली स्वप्नेच आठवत बसला, की ती मंडळी मध्यंतरातच अंतर्धान पावत. आम्ही मात्र शेवटपर्यंत बसत असू आणि मग इराण्याकडे जाऊन एका चहावर दीड तास भांडत असू.

त्या दिवसांनी मला पुष्कळ दिले, हे कबूल केलेच पाहिजे. अकिरा कुरोसावा यांचा १९५२ चा ‘इकिरू’ पाहिला तेव्हा मी दोन रात्री झोपलो नाही. तीस वर्षे नगरपालिकेत शिक्के मारणारा एक अधिकारी. आपल्याला पोटाचा कर्करोग झाला आहे असे त्याला कळते, आणि मग तो उरलेल्या दिवसांत एका घाणेरड्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करवून घेतो. त्याच्या मृत्यूनंतर सहकारी रडतात, शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळे पूर्ववत चालू होते. मीही सोमवारी कचेरीत गेलो तो थेट कपाट उघडून. आठ महिने पडून राहिलेला एका विधवेचा अर्ज मी दुपारपर्यंत निकालात काढला. मंगळवारी कपाट पुन्हा बंद झाले. कुरोसावांनी माझ्या मंगळवाराचेही चित्रण करून ठेवले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. तात्पर्य, सिनेमा मला दिसत होता. सिनेमात मी दिसत नव्हतो.

१९७५ च्या मे महिन्यात अप्पा आणि आई आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली. अप्पा निवृत्त झाले होते. दोन खोल्यांत आम्ही दोघे, दीड वर्षाचा मुलगा, आणि आता ती दोघे. माझे लिहिण्याचे टेबल गॅलरीत गेले. याचा मला आलेला राग मी टेबलावरच काढला. आईचे मागणे एकच होते. महालक्ष्मीचे दर्शन घ्यावे, आणि तिथल्या मागच्या खडकांवर बसून थोडा वेळ समुद्र पाहावा. रविवारी जाऊ, असे मी तिला सांगितले होते.

शुक्रवारी सोसायटीचे कार्ड आले. रविवारी दुपारी चार वाजता, यासुजिरो ओझू यांचा १९५३ चा ‘टोकियो स्टोरी’. या चित्रपटाविषयी आम्ही वाचले होते, ऐकले होते. पाहायला मिळेल असे स्वप्नातही नव्हते. मी आईला म्हटले, “आपण पुढच्या रविवारी जाऊ.” आई म्हणाली, “बरं.” पुढच्या शुक्रवारी त्यांची परतीची एस. टी. होती, हे तिलाही माहीत होते आणि मलाही.

ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही त्यांना त्याची गोष्ट सांगतो. ओनोमिची नावाच्या समुद्रकाठच्या गावाहून एक म्हातारे जोडपे आगगाडीने टोकियोला आपल्या मुलांकडे येते. थोरला मुलगा डॉक्टर आहे. आजीआजोबांसाठी जागा करावी म्हणून नातवाचे टेबल बाहेर हलवले आहे आणि तो त्यावरून धुसफुसतो. रविवारी सगळ्यांनी फिरायला जायचे ठरते, तेवढ्यात रुग्ण येतो आणि बेत रद्द होतो. मुलगी केशभूषेचे दुकान चालवते; नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी महाग मिठाई आणली तर तिला ती उधळपट्टी वाटते, आणि गिऱ्हाइकाने ‘हे कोण?’ म्हणून विचारले तर ‘गावाकडचे ओळखीचे’ असे सांगून मोकळी होते. शेवटी भावंडे पैसे काढून आईबापांना अतामीच्या समुद्रकाठी विश्रांतीला पाठवतात. त्या स्वस्त निवासात रात्रभर पत्त्यांसारखे खेळ आणि गाणीबजावणी चालते. म्हाताऱ्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. त्यांना खरा वेळ देते ती लढाईत मेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. ती नोकरीतून एक दिवस रजा घेते, त्यांना शहर दाखवते, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात शेजारणीकडून उसनेपासने आणून त्यांचे आतिथ्य करते. जोडपे परत जाते. जाताना गाडीत आजीची तब्येत बिघडते. घरी पोचल्यावर ती जाते. मुले येतात, रडतात, जेवतात, आईचे कपडे मागून घेतात आणि गाडी पकडतात. एवढेच.

मी काय पाहिले? मी कॅमेऱ्याची उंची पाहिली. ओझू कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हातावर ठेवतात, तो हलवीत नाहीत, पात्रे निघून गेल्यावरही रिकाम्या खोलीकडे थोडा वेळ पाहत राहतात, हे सारे मी पाहिले. इराण्याकडे मी त्या उंचीवर असा काही बोललो, की शेजारच्या टेबलावरच्या अपरिचित गृहस्थांनी माझ्या चहाचे पैसे दिले. घरी पोचायला नऊ वाजले. आईने ताट झाकून ठेवले होते. अप्पा गॅलरीत माझ्या टेबलापाशी सतरंजीवर बसले होते.

“काय होतं रे सिनेमात?” त्यांनी विचारले.

“जपानी होता, अप्पा. म्हातारं जोडपं मुलांकडे येतं, एवढीच गोष्ट. पण ती सांगण्याची पद्धत... ते तुम्हाला नाही कळायचं.”

अप्पा थोडे थांबले. मग म्हणाले, “म्हणजे आपला ‘ऊनपाऊस’च की!”

राजा परांजपे यांचा ‘ऊनपाऊस’ १९५४ चा. निवृत्त झालेले एक मास्तर आणि त्यांची पत्नी, आणि मुलांच्या संसारांत त्या दोघांची झालेली परवड. जत्रेतल्या तंबूत अप्पांनी आणि आईने तो पाहिला होता, आणि आई पुढे आठवडाभर त्याविषयी बोलत होती. मला हसू आले. कुठे ओझू, आणि कुठे जत्रेतला तंबू! ‘आमचे वडील म्हणाले, म्हणजे ऊनपाऊसच की!’ हा विनोद मी सोसायटीत पुढे कित्येक वर्षे सांगितला. तो दर वेळी पिकला.

बुधवारी आमच्या सौभाग्यवतीने आपल्या शाळेतून अर्धी रजा घेतली आणि तिघे मुलाला घेऊन महालक्ष्मीला जाऊन आली. शुक्रवारी एस. टी. सुटली. खिडकीतून आईने हात हलवला. १९७६ च्या श्रावणात ती गेली. तार आली तेव्हा मी कचेरीत होतो. अप्पा त्यानंतर नऊ वर्षे होते. पण मुंबईला राहायला असे ते पुन्हा आले नाहीत.

यानंतर मधली सत्तेचाळीस वर्षे मी गाळतो. त्यांत मी निवृत्त झालो, सोसायटीतले बहुतेक मित्र एकेक करून गेले, रिळांचे डबे गेले, आणि आम्ही दोघे पुण्याला मुलाकडे राहायला आलो. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. दोघेही कामात असतात. आमच्यासाठी खोली करताना नातीचे टेबल दिवाणखान्यात गेले. ती धुसफुसली नाही. पण मी ते टेबल पाहिले.

२०२३ च्या हिवाळ्यात एका दुपारी नातीला सुट्टी होती. नकाशा सरकवता सरकवता तिचे बोट एका चित्रावर थांबले. “आजोबा, २०१२ साली जगभरच्या दिग्दर्शकांनी मतं देऊन हा सगळ्यांत चांगला चित्रपट ठरवला होता. तुम्ही पाहिलाय?” मी म्हटले, “पाहिलाय. लाव.” आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात, लातूरकडच्या. त्या परातीत मेथी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फरशीवर बसल्या होत्या. तिथून टीव्ही दिसतो.

भाषा जपानी, खालच्या ओळी इंग्रजी. मावशींना दोन्ही येत नाहीत. पहिली दहा मिनिटे त्या मेथी निवडत होत्या. मग हात थांबला.

“पाहुणं आल्यात व्हय लेकाकडं?” त्यांनी विचारले. नातीने हो म्हटले.

पुढे अतामीचा प्रसंग आला. सकाळी म्हातारा-म्हातारी समुद्राच्या बांधावर बसली आहेत. निघू या म्हणून उठतात, आणि आजीला किंचित भोवळ येते. ती पुन्हा खाली टेकते. क्षणाचाच प्रसंग. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा समुद्राची रेषा पाहत होतो.

“उठताना बसली बघा,” मावशी म्हणाल्या. “ही काय लई दिवस न्हाई. आन् पोरास्नी ठावं बी न्हाई.”

मी नातीकडे पाहिले, नातीने माझ्याकडे पाहिले. आमच्या दोघांच्या मध्ये इंग्रजी ओळी होत्या. मावशींच्या आणि त्या आजीच्या मध्ये काहीच नव्हते.

आणि तेव्हा मला ती उंची कळली. कॅमेरा एवढा खाली का? आम्ही इराण्याकडे त्याची नाना कारणे दिली होती. पण त्या घरांतली माणसे चटईवर बसतात, चटईवर जेवतात, चटईवर अंथरूण घालून निजतात. आणि पाहणाराही त्यांच्यातलाच एक होऊन खालीच बसला आहे, असे ते चित्रण आहे. मावशी फरशीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळे आणि ओझूंचा कॅमेरा जवळपास एकाच पातळीवर होते. आईने सारा जन्म त्याच पातळीवरून जग पाहिले. चुलीपुढे, सुपापुढे, सतरंजीवर. अप्पा त्या रात्री गॅलरीत त्याच पातळीवर बसून मला विचारीत होते, आणि मी दारात उभा राहून, वरून, त्यांना सांगत होतो की तुम्हाला नाही कळायचं.

पहिल्या वेळी मला त्या केशभूषावाल्या मुलीचा फार राग आला होता. या वेळी आला नाही. ती दुष्ट नाही. या चित्रपटात दुष्ट कुणीच नाही. कुणी आईबापांना घराबाहेर काढीत नाही. प्रत्येकाला फक्त त्या दिवशी काम आहे. डॉक्टरला रुग्ण आहे, मुलीला गिऱ्हाईक आहे. मला सिनेमा होता.

आमच्या सौभाग्यवतीही येऊन बसल्या होत्या. नोरिको म्हाताऱ्यांना बसमधून शहर दाखवते, तो भाग आला तेव्हा त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “बुधवारी मी अर्धी रजा टाकली होती.” अठ्ठेचाळीस वर्षांत या विषयावर त्या बोललेले हे पहिले वाक्य. मी काय बोलणार? त्या दिवशी आई खडकांवर बसून काय म्हणाली, हे मी त्यानंतर प्रथमच विचारले. “काही नाही,” त्या म्हणाल्या. “पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. म्हणाल्या, त्याला काम असतं.”

पुढे मी या चित्रपटाविषयी जुनी पुस्तके पुन्हा काढून वाचली. त्यांत एक गोष्ट सापडली. ओझूंबरोबर ‘टोकियो स्टोरी’ लिहिणारे कोगो नोदा यांनी एक अमेरिकन चित्रपट पाहिला होता : लिओ मॅकॅरी यांचा १९३७ चा ‘मेक वे फॉर टुमारो’. त्यात घर गमावलेले एक वृद्ध जोडपे आहे, आणि मुले त्या दोघांना एकत्र ठेवू शकत नाहीत. एकाकडे आई जाते, दुसऱ्याकडे बाप. मॅकॅरी यांना ऑस्कर मिळाले ते त्याच वर्षीच्या दुसऱ्याच एका विनोदी चित्रपटासाठी. तेव्हा, तुम्ही चुकीच्या चित्रपटाला बक्षीस दिलेत, अशा अर्थाचे ते बोलले होते. म्हणजे अमेरिकेत १९३७, जपानमध्ये १९५३, महाराष्ट्रात १९५४. तिन्ही ठिकाणी म्हातारे जोडपे तेच, आणि दारही तेच. सांगण्याची पद्धत वेगळी आहे, हे माझे म्हणणे खोटे नव्हते. परांजपे रडवतात, ओझू आपल्याला रडूही देत नाहीत. पण गोष्ट कोणती आहे हे अप्पांनी माझ्या एका वाक्यावरून ओळखले होते, आणि मी ती दोन तास समोर बसून ओळखली नव्हती.

ओझूंनी लग्न केले नाही. आई असेपर्यंत ते तिच्याबरोबरच राहिले. १९६३ साली, आपल्या साठाव्या वाढदिवशी, ते गेले. कामाकुराच्या मंदिराच्या आवारात त्यांच्या थडग्यावर नाव नाही. एकच अक्षर कोरले आहे, आणि त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा होतो. अप्पांशी एकदा या माणसाविषयी बोलायला हवे होते. अप्पांना तो आवडला असता.

सर्वांत बोचते ते हे, की ओसरी मला ठाऊक होती. इटलीचा सिनेमा तिथे कंदिलाच्या उजेडात सर्वांना कळला होता, आणि आईने असा प्रश्न विचारला होता जो पुढे एकाही समीक्षकाच्या लेखात मला सापडला नाही. हे सगळे पाहिलेल्या माणसाने, सिनेमा कुणाला कळेल आणि कुणाला नाही हे ठरवावे! काकांनी इटली उचलून ओसरीवर आणली. मला जपान दारातून गॅलरीत नेता आले नाही.

त्या दुपारी मावशींना पाच वाजता दुसऱ्या घरी जायचे होते. चित्रपटाचा अर्धा तास उरला होता. दुसऱ्या दिवशी आल्या त्या पिशवी ठेवण्याच्या आधीच विचारू लागल्या, “त्या म्हातारीचं काय झालं हो, आबा?”

मी स्वयंपाकघरात गेलो. गुडघे दुखतात, तरी फरशीवर बसलो. आणि सगळे सांगितले. आजी कशी गेली, पहाटे आजोबा एकटेच बाहेर उभे राहून उगवता सूर्य कसे पाहत होते, मुले गाडी पकडून कशी गेली, नोरिको मागे कशी राहिली. आणि म्हाताऱ्याने आपल्या बायकोचे घड्याळ मुलीला न देता तिच्या हाती कसे ठेवले. पाऊण तास लागला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरणाचे व्हायचे ते झाले. काकांइतकी गोष्ट रंगली नाही हे मला कळत होते. कॅमेऱ्याच्या उंचीविषयी मी काही बोललो नाही.

मावशी पदराने डोळे पुसत उठल्या. म्हणाल्या, “सुनंला घड्याळ दिलं, ते ब्येस केलं.”

आता सोमवार ते शनिवार, दुपारी साडेतीन वाजता, आमच्या स्वयंपाकघरात देशोदेशींचे चित्रपट असतात. गेल्या आठवड्यात अंतोबाची गोष्ट झाली. चादरी गहाण पडल्या तिथे मी थोडा थांबलो. मावशींनी पोळी उलटली आणि विचारले, “मग रातीला पोरानं पांघरलं काय?”